तटबंदी

किल्ला, गढी, नगर अथवा गाव यांच्या रक्षणार्थ सभोवार उभारलेल्या भिंतीस तट म्हणतात. तट, बुरूज, दरवाजे, खंदक व त्यांस पूरक अशी इतर बांधकामे मिळून होणाऱ्या समग्र रचनेस तटबंदी ही संज्ञा आहे. संस्कृत ग्रंथांतून याच अर्थाने प्राकार, वप्र इ. शब्द येतात; फार्सी तवारिखांत ‘फसील’ हा शब्द आढळतो. तटावर शत्रू, तोफ आणि पाणी अशा तिघांचा मारा होतो. पहिल्या दोहोंचा काळ संपला. तिसऱ्याचा मारा दर पावसाळ्यात चालूच असतो. तट कसा बांधीत, तो कशाने टिके आणि कशाने ढासळे, याचे विवेचन येथे मुख्यत्वे बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला आणि त्या भागातील गढ्या यांच्या आधारे केले आहे.

परिभाषा : तटाच्या माथ्यावर रक्षकांना फिरण्यासाठी ठेवलेल्या वाटेस फांजी म्हणतात. फांजीच्या बाहेरील कडेस छातीइतका किंवा पुरुषभर उंच कठडा असून त्याच्या माथ्यावरील पाकळ्यांच्या आकाराच्या अंगांना चर्या हे नाव आहे. कठड्यातून बंदुकीचा मारा करण्यासाठी ठेवलेली तिरकस भोके म्हणजे जंग्या. त्यांचा तळ बाहेरच्या बाजूस उतरता ठेवीत, त्यामुळे खाली नेम धरता येई. तरीही तटाच्या अगदी पायथ्याशी येऊन चिकटलेला शत्रू वरच्याला दिसत नाही. बुरजाचे खरे प्रयोजन हे आहे. तटाच्या रेषेबाहेर डोकावणाऱ्या बुरजावरून तटाच्या पायथ्यावर आडवा मारा करता येतो, म्हणून दोन बुरजांमधील अंतर हत्याराच्या पल्ल्यावरून ठरे. मुख्य तटाच्या बाहेर, खंदकाच्या आतील काठावर, एक ठेंगणी भिंत घालीत. तिला रेवणी म्हणतात. खंदक ओलांडून येणाऱ्यास प्रथम रेवणीशी झगडावे लागे व तेवढा वेळ तो मुख्य तटाच्या माऱ्यात राही.

जागा व पाया : कौटिलीय अर्थशास्त्रात खंदकातून निघालेल्या मातीचा ६ दंड उंच व त्याच्या दुप्पट रुंद वप्र रचावा, तो हत्ती व बैल यांच्याकडून तुडवून घ्यावा आणि त्यावर विटांचा वा दगडांचा प्राकार बांधावा, असे सांगितले आहे (१ दंड = सु. १·८ मी.). लाकडी प्राकार वर्ज्य मानला आहे, कारण अग्नी लाकडातच दडलेला असतो. खंदकाची माती तटाला आणि तटासाठी खोदल्याने आपोआप खंदक, हा हिशेब पुढे दोन हजार वर्षे बदलला नाही. दगडी मुलखात मातीच्या जागी दगड आला इतकेच.

दगडी तटाच्या बाबतीत हा हिशेब किती महत्त्वाचा, ते साध्या गणिताने समजते. १० मी. उंच व सरासरी ४ मी. जाडीच्या तटाच्या प्रत्येक मीटर लांबीत ४० घ. मी. बांधकाम बसते व त्याचे वजन सु. १०० टन भरते. एक किमी. लांबीच्या तटास अशा रीतीने सु. एक लक्ष टन माल लागतो. एका बैलगाडीत अर्धा टन दगड येतो असे धरले, तर दोन लक्ष खेपा कराव्या लागतील. म्हणून दगड जागेवरच मिळाला पाहिजे. किल्ल्यावरील टाकी व तळी पुष्कळदा तटासाठी फोडलेल्या खाणीच असतात. एकाच खोदकामातून दगड मिळे आणि पाण्याची सोयही होई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधताना आधी पाणी पाहावे असे म्हटले आहे. ते शिबंदीच्या पिण्यासाठी तर खरेच. पण चुन्याचे बांधकामही पाण्याविना उभे राहत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ गवंड्यास सांगावा लागत नाही.

बीड जिल्ह्याची जमीन या दृष्टीने दोन प्रकारची आहे. उत्तरेकडील गोदावरीच्या खोऱ्यात काळ्या मातीचे जाड थर आहेत. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर ठेवलेला पाया दरवर्षी वरखाली होतो आणि भिंतीस उभे तडे जातात. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावे लागते. याउलट मध्यभागातून जाणाऱ्या बालाघाट डोंगररांगेवर बेसाल्टाचे थर उघडे पडलेले आहेत. पाया तिथे आयता मिळतो. मात्र सर्वच थर सारखे नसतात. घट्ट बेसाल्टाच्या दोन थरांमध्ये कुहरी, सच्छिद्र खडकाचा किंवा तांबूस मातकट थर असतो. तो हवापाण्याने झिजून आत जातो आणि वरचा कडा, त्यावरील तटासकट, अधांतरी राहतो. डोंगरी किल्ल्यांत तटाचा एखादाच तुकडा सबंध नाहीसा झालेला दिसतो, त्याचे कारण कित्येकदा तटात नसून त्याखालील या थरात असते.

भिंतीची घडण : जाड तट सबंध घडीव दगडांचा क्वचितच असतो. बाहेरची व आतली अशा दोन दर्शनी भिंती घालून त्यांमधील पोकळीत डबर, दगडांच्या चिपा, मुरूम व चुना यांची भर घालीत. या भरीस तटाचा गर्भ म्हणता येईल. बाहेरच्या थरांतील चिरे घडीव, समतळ व बारीक दर्जांचे असतात. आतील भिंत बहुधा ओबडधोबड दगडांची असते. दोन्ही भिंती व गर्भ एकजीव राहावेत म्हणून ठरावीक अंतरावर लांब दगड आडवे घालून त्यांची शेपटे गर्भात खोल रोवीत. पाथरवटाने काम वाचवण्यासाठी हे बांधदगड आखूड केले, तर बाहेरून ते कोणालाही दिसत नाही. ते दिसते शंभर वर्षांनी, जेव्हा दर्शनी भिंत एखाद्या सालीसारखी सुटून पडते. तटाची परीक्षा करणाऱ्याने चिऱ्यांच्या सफाईवर भाळू नये, ते याचसाठी. एकावर एक येणाऱ्या थरांतील उभ्या दर्जा एका रेषेत येऊ न देणे हा दुसरा नियम. तिसरा ढाळाचा. बाहेरील बाजू पायथ्यापासून माथ्याकडे किंचित आत कलती ठेवल्याने भिंतीचे वजन आतल्या भरावावर रेलते.

डोंगराच्या उतारावरील तट पुष्कळदा एकाच बाजूने मोकळा असतो. त्याच्या आत जमीन भरून सपाट केलेली असते. असा तट शत्रूला अडवतो, त्याचबरोबर पाठीमागची मातीही अडवून धरतो. ६ मी. उंचीच्या अशा भिंतीवर कोरड्या मातीचा आडवा दाब दर मीटर लांबीस सु. ११ टन येतो. तीच माती पाण्याने काठोकाठ भरली, तर माती व पाणी मिळून तो सु. २४ टनांपर्यंत जातो, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. त्यामुळे तटाच्या पायथ्याशी पाणी बाहेर काढणाऱ्या मोऱ्या ठेवीत आणि फांजीला बाहेरच्या बाजूस उतार देऊन दगडी पन्हळींतून पाणी तटापासून दूर टाकीत. मोरीचे तोंड हातभर लांबीरुंदीचे असते व पाहणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही. पण तट उभा राहणे तिच्यावर बुरजाइतकेच अवलंबून असते.

चुना : दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी चुन्यासाठी काळ्या जमिनीत व ओढ्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे खडे वापरीत. लोणारी ते भट्टीत भाजीत. या खड्यांत मूळचाच चिकणमातीचा अंश असल्याने त्यांपासून झालेला चुना दमट जागीही काही प्रमाणात आवळतो. शुद्ध चुन्यास मात्र हवा लागते. विरवलेला चुना व वाळू बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळीत आणि त्यात प्रदेशपरत्वे गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, विटांची भुकटी घालीत. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचण्यास वेळ लागतो व तेथील चुना कित्येक वर्षे ओलसर, मऊ राहतो. घाईने चढवलेला तट म्हणूनच धोक्याचा. हंगामात काही थर, मग विश्रांती, मग पुन्हा काही थर, असे काम चाले आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी मारावे लागे.

धारूर : धारूर हे बालाघाटच्या माथ्यावरील गाव. उत्तरेकडून माजलगाव-तेलगावच्या बाजूने येणारा रस्ता येथे घाट चढून पठारावर येतो, आणि ही वाट ताब्यात ठेवणारा किल्ला गावालगत आहे. विजापूरचा पहिला अली आदिलशाह याचा सरदार किश्वर खान याने निजामशाही मुलखात शिरून १५६७ च्या सुमारास तो बांधला. तालिकोटच्या लढाईला (१५६५) तेव्हा फार दिवस झाले नव्हते आणि विजयनगराविरुद्ध एकत्र आलेल्या दोन सुलतानी पुन्हा एकमेकींवर उठल्या होत्या. दुसऱ्याच्या मुलखात किल्ला बांधणे याचा अर्थ त्या मुलखाचा वसूल आपल्याकडे वळवणे असाच होतो. हे अहमदनगरने ओळखले व मुर्तजा निजामशाह १५६९ मध्ये स्वतः चालून आला. फरिश्त्याच्या वृत्तांतानुसार या वेढ्यात किश्वर खान बाण लागून मेला आणि किल्ला पडला. तटाची अशी खरी परीक्षा झालीच नाही. त्यामागचा माणूस आधी गेला.

या किल्ल्याची जागा अशी की डोंगराच्या सोंडेभोवती खोल घळी व दऱ्या आहेत. त्या बाजूंनी निसर्गाने केलेले काम बांधणाऱ्याने पुन्हा केलेले नाही. कड्याच्या कडेने तट फिरवला आहे. जिकडून पठार सलग येऊन भिडते, तिकडे मात्र खंदक खोदून ते तोडले आहे, आणि मेहनतीचा मोठा वाटा तिकडे पडला आहे. तटबंदीची अक्कल यात असते. सर्व बाजूंना सारखाच उंच व जाड तट घालणारा बांधकामी खर्च करतो, रक्षण करतोच असे नाही. किल्ल्यात खारी दिंडी व गोडी दिंडी या नावांनी ओळखले जाणारे जलाशय आहेत.

शाहजहानच्या दक्षिण स्वारीत १६३१ च्या आरंभी आजम खानाने धारूर निजामशाहीकडून घेतला. मोगल अमदानीत त्याला फतेहाबाद हे नाव मिळाले. पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला व १९४८ पर्यंत त्याच्याच राज्यात राहिला. या दीर्घ काळात किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरत गेले.

तोफा व सुरुंग : पंधराव्या-सोळाव्या शतकांत तोफा आल्या आणि उंच, पातळ तटाचे दिवस भरले. यूरोपात तट ठेंगणे, जाड व कोनाकृती झाले. दख्खनमध्ये उंची पुष्कळशी राखून दुहेरी तट, रुंद खंदक व तोफा पेलणारे भक्कम बुरूज यांवर भर दिला गेला. धाराशिव जिल्ह्यातील परांडा हा त्याचा उत्तम नमुना होय. अहमदनगरमध्ये १५४९ साली ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ विजापुरास जाण्यापूर्वी परांड्याच्या किल्ल्यावर होती. अशा तोफेच्या धक्क्याने स्वतःचाच बुरूज हलू नये, हाही बांधणाऱ्यापुढचा प्रश्न होता.

अहमदनगरचा भुईकोट मुळात मातीचा होता. हुसेन निजामशाहाच्या कारकीर्दीत १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधण्यात आला. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादने त्याला वेढा घातला. तोफांपेक्षा मोगलांचा भर सुरुंगांवर होता. आतील लोकांनी प्रतिसुरुंग खणून काही सुरुंग निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबिबी स्वतः खिंडारावर उभी राहिली व हल्ला थोपला. रात्र पडताच मिळेल त्या सामानाने खिंडार बुजवण्याचे काम सुरू झाले आणि उजाडेपर्यंत तेथे पुन्हा भिंत उभी होती. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, शहर वाचले. ही रात्रीत उठलेली भिंत वर सांगितलेल्या कोणत्याच नियमात बसणारी नव्हती. तिला शंभर वर्षे टिकायचे नव्हते, दुसरा दिवस काढायचा होता. चार वर्षांनी, १६०० मध्ये, सुरुंगांनीच तट फोडून मोगलांनी किल्ला घेतला.

तोफेच्या बाबतीत माती दगडाहून सरस ठरते, हे मात्र पुष्कळांना खरे वाटत नाही. दगडावर गोळा आपटला की चिरा फुटतो व त्याच्या कपच्या रक्षकांनाच लागतात. मातीत गोळा रुतून बसतो. भरतपूरच्या मातीच्या तटांपुढे १८०५ मध्ये जनरल लेकचे चार हल्ले फसले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

गढ्या : मराठवाड्यातील देशमुख, पाटील इ. वतनदारांच्या गढ्या याच मातीच्या शास्त्रावर उभ्या आहेत. बीड जिल्ह्यात त्या ठिकठिकाणी आढळतात. गेवराई तालुक्यात तर गढी याच नावाचे गाव आहे. गढी पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या उंचवट्यावर असते. काळी ही शेतीची जमीन. पांढरीची माती काळीसारखी फुगत नाही आणि भिंतीला व धाब्याला चांगली धरते. गढीच्या खालच्या भागास दगडी पायथा देऊन त्यावर तुडवलेल्या पांढऱ्या मातीचे थर चढवीत. जाडी पायथ्याशी फार असून वर निमुळती होत जाते. अशा भिंतीस दोन गोष्टी हव्यात : माथ्यावर पाणी मुरू न देणारे आच्छादन आणि दरवर्षीचे लिंपण. वतने गेली, वाडे ओस पडले, लिंपण थांबले. पावसाने माथ्यावर घळी पाडल्या. पुढचे काम गावाने केले. धाब्यावर टाकण्यासाठी व शेतात खत म्हणून गढीची माती नेली जाते, दगड घरांच्या जोत्यांत बसतात. हा व्यवहार गावाच्या दृष्टीने अगदी सरळ आहे आणि त्यास केवळ अज्ञान म्हणून मोडीत काढणे योग्य नव्हे. परंतु गढीच्या पोटातील भांडी, नाणी, जुन्या वस्तीचे थर त्याच टोपल्यांतून जातात. नगराच्या तटांचेही तेच झाले. बीड शहरात कोतवाली वेस यांसारखी नावे व वेशी राहिल्या, त्यांना जोडणारा तट वस्तीत विरून गेला.

देखभाल : दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, तेव्हा चार दिवसांत तट सुकून तडकतो व त्यावर रोज पाणी शिंपडावे लागते, हे त्यांना आपोआप कळते. अलीकडे संगणकावर किल्ले बांधण्याचे खेळ निघाले आहेत (उदा., २००१ मधील ‘स्ट्राँगहोल्ड’, २००६ मधील ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’). त्यांत दगड किती, मजूर किती, कोणती बाजू आधी बंद करावी, याचा हिशेब चांगला शिकायला मिळतो. तेथे एकदा उभी राहिलेली भिंत मात्र पावसाने भिजत नाही व तिच्यात पिंपळ उगवत नाही. प्रत्यक्षात तटाच्या आयुष्यातील बांधकामाचा काळ थोडा आणि देखभालीचा फार मोठा असतो. मराठ्यांच्या गडांवर तटसरनौबत हा स्वतंत्र अधिकारी असे, आणि आज्ञापत्रात तटावर उगवलेली झाडी वेळच्या वेळी काढून टाकण्याची ताकीद आहे.

तट ढासळण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. माथ्यावरील चुन्याची गच्ची फुटते. पाणी गर्भात उतरते. बारीक माती व सुटलेला चुना पाण्याबरोबर वाहून जाऊन पोकळ्या होतात. मोऱ्या बुजलेल्या असल्याने पाणी आत साठते. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड, पिंपळ, उंबर रुजतात व मुळ्या दर्जा रुंदावतात. मग बाहेरील भिंतीस पोट सुटते. पोट सुटणे ही शेवटून दुसरी पायरी. त्यानंतरच्या एखाद्या दमदार पावसात ती भिंत कोसळते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पावसाने तट पडावेत हे विचित्र वाटते. पण महिनोन्महिने तापून भेगाळलेल्या चुन्यावर एकदम मोठी सर येते, तेव्हा नुकसान अधिक होते.

दुरुस्तीत आज होणारी नेहमीची चूक सिमेंटची. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण व कमी पाझरणारे असते. दर्जा सिमेंटने भरल्या की आतले पाणी बाहेर येण्याची वाट बंद होते आणि पाठीमागचा दाब वाढतो. भिंत पूर्वीपेक्षा चांगली दिसू लागते व पूर्वीपेक्षा लवकर पडते. नुसती दर्शनी भिंत नव्याने रचून तिला जुन्या गर्भात बांधदगडांनी न गुंतवणे हाही तितकाच घातक प्रकार. योग्य क्रम असा : प्रथम झाडे मुळांसकट काढणे, माथा चुन्याने बंद करणे, मोऱ्या मोकळ्या करणे, पोट सुटलेला भाग चिऱ्यांवर क्रमांक घालून उतरवणे, गर्भ पाहून तो चुन्याने भरणे आणि तेच चिरे पुन्हा जागच्या जागी लावणे. हे काम सावकाश चालते आणि त्यातील बराचसा भाग पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात ते नेहमी कापले जाते. घाणीचा चुना मळणारे व बेसाल्ट हाताने घडवणारे कारागीरही थोडे उरले आहेत.

महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी मिळून बारा किल्ल्यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ती निवड मराठा लष्करी स्थापत्याची असल्याने मराठवाड्यातील एकही किल्ला तीत नाही. धारूर, परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार या किल्ल्यांचे तट मुख्यतः बहमनी व त्यानंतरच्या दख्खनी सुलतानींच्या कारागिरीचे आहेत, आणि सह्याद्रीतील गड बांधणाऱ्यांनी जे पाहिले व घेतले त्याचा बराच भाग या मुलखात उभा आहे. त्यांपैकी धारूरचा तट कड्याच्या कडेवर असल्याने तेथे पडलेला चिरा दरीत जातो. तो परत वर आणून बसवणे जवळजवळ अशक्य असते. यामुळे येथील माथा बंद करण्याचे व मोऱ्या उघडण्याचे काम पडझडीच्या दुरुस्तीआधी व्हावयास हवे. ते पावसाळ्यापूर्वी, मार्च ते मे या काळात करावे लागते, आणि नेमके तेव्हाच चुना भिजवण्यासाठी डोंगरावर पाणी नसते; किल्ल्यातील जलाशयांचा गाळ काढणे हे म्हणून तटाच्याच कामाचा पहिला भाग समजावा लागतो.